कारभाऱ्याचा पहिला नकार

"भोकाची मुळी घ्या, भोकाची मुळी! ताजी, पांढरीशुभ्र, भोकाची मुळी!"

छिनहुआई नदीच्या घाटावर म्हातारी शूमावशी ओरडत होती आणि दर आरोळीनंतर तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडत होती. टोपलीत कमळकाकडी होती. ती कमळकाकडी आहे हे साऱ्या राजधानीला दिसत होतं. पण 'कमळ' हा शब्द उच्चारायला तीन वर्षं बंदी होती, कारण कारभारी तेंग शिओंग यांच्या स्वर्गवासी आईचं नाव कमळ होतं.

आईबापाचं नाव मुलांनी घ्यायचं नाही, त्यांच्या घरी आलेल्या पाहुण्यानेही तो शब्द टाळायचा, ही रीत जुनीच. चुकून कोणाच्या तोंडून गेलाच, तर मुलाने असेल तिथे रडायला लागायचं आणि पाहुण्याने खजील व्हायचं. खानदानी घरांतून हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. पण साऱ्या शहराची जीभ बांधण्याचा मान फक्त राजघराण्याचा. तेंग शिओंग साध्या शिपायाचा मुलगा. राजा जेमतेम पाच वर्षांचा, सारा कारभार तेंगच्या हाती आलेला, तेव्हा तेंगला खानदानी दिसायची भारी हौस सुटली. एका विणकराने चादरीवरच्या नक्षीचं नाव सांगितलं म्हणून त्याला भर बाजारात वीस फटके बसले. तेव्हापासून कमळ म्हणजे पाण्यातलं फूल आणि कमळकाकडी म्हणजे भोकाची मुळी.

"गुरुबाई, दोन घेऊन जा," शूमावशीने हाक मारली. "भावाला पोचवता येतात का काही?"

"नाही गं मावशी. खाणं आत जाऊ देत नाहीत."

"मेल्यांच्या घशात अडको," मावशी म्हणाली आणि पैसे न घेता एक मुळी रुआनबाईच्या पिशवीत कोंबली.

रुआन शूयीला सगळा राजवाडा रुआनबाई किंवा गुरुबाई म्हणायचा. ती लवकर विधवा झाली, मग राजवाड्यातल्या मुलींना अक्षरं शिकवायला लागली, आणि आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी थोरल्या राणीसाहेबांची वाचक होती. राणीसाहेब म्हणजे बालराजाची आजी. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे येणारा कागद रुआनबाई वाचायची, जाणारा कागद रुआनबाई लिहायची. तिच्यासारखं सरळ आणि काळजाला भिडणारं लिहिणारं दुसरं कोणी राजधानीत नव्हतं. हे तिला माहीत होतं. तिच्या अंगी खोटा विनय अजिबात नव्हता.

तिचा धाकटा भाऊ रुआन झोंग याओथांगचा तालुका अधिकारी. वसंतात नदीचा बांध फुटला, आणि त्याच आठवड्यात कारभाऱ्यांचा हुकूम आला की तालुक्यातले सगळे गडी राजधानीला पाठवा, कारभाऱ्यांच्या बागेत तळं खणायचं आहे. झोंगने गडी बांधावर पाठवले. बांध वाचला, भात वाचलं, आणि झोंग एकेचाळीस गावकऱ्यांसकट राजधानीच्या तुरुंगात गेला. त्यावर याओथांगची गावं पेटली. लोकांनी फावडी घेऊन रस्ते अडवले, वसुलीच्या माणसाला चिखलात बसवून ठेवलं. शेजारचे दोन तालुकेही कुरबुरू लागले. आता मुंडकी उडवून धाक बसवल्याशिवाय भागणार नाही, असं कारभारी उघड बोलत होते.

एकच अडचण होती. अधिकाऱ्याला मृत्युदंड द्यायचा तर राजाचा शिक्का लागे, आणि शिक्का राणीसाहेबांच्या उशाखाली. तीन वर्षं भीत भीत त्यांनी समोर येईल त्या कागदावर शिक्का मारला होता. या एका कागदावर मारला नव्हता. कधी डोकं दुखतंय म्हणाल्या, कधी शिक्का सापडत नाही म्हणाल्या. पण सोडायचा हुकूम काढायचा तर कारभाऱ्यांची सही लागे. त्यामुळे झोंग ना मरत होता ना सुटत होता.

आणि आता कुऱ्हाड येणार होती.

मोठ्या सेवकाला सिंहासनाने नऊ मानाच्या वस्तू द्यायच्या, अशी प्रथा होती: रथ, वस्त्रं, वाजंत्री, लाल दारं, पहारेकरी असं काय काय. त्यातच एक कुऱ्हाड. ती ज्याच्या हाती, त्याला शिक्क्यावाचून मान उडवायचा अधिकार. या नऊ वस्तू मिळालेला माणूस सहसा पुढच्या एकदोन वर्षांत स्वतःच सिंहासनावर बसायचा, हे राजाच्या दाईलाही ठाऊक होतं. तेंग शिओंगसाठी मानपत्राचा मसुदा तयार होता. दंव पडायच्या दिवसाला वीस दिवस उरले होते, आणि देहदंड दंव पडल्यावरच देत.

त्याच दुपारी कारभाऱ्यांकडून बोलावणं आलं.

*

तेंग शिओंग दिवाणखान्यात ऐसपैस मांडी घालून बसला होता. रुंद खांदे, तुटलेलं नाक, आणि अंगावर इतकं तलम रेशीम की बैलाला ओढणी घातल्यासारखं दिसत होतं. बाजूला त्याचा चिटणीस फू यान, बारीक आणि सावध.

"बसा बाई," कारभारी म्हणाला. "नकार लिहायचाय."

रुआनबाईने मान डोलावली. हेही रीतीतलंच. सिंहासनाने मान द्यायचा, सेवकाने 'मी अपात्र' म्हणून नाकारायचा. सिंहासनाने आग्रह करायचा, सेवकाने पुन्हा नाकारायचं. असं तीनदा. चौथ्या वेळी डोळे पुसत, सिंहासनाच्या आज्ञेपुढे इलाज नाही म्हणत घ्यायचं. पंगतीत पानावर हात आडवा धरून 'पुरे, पुरे' म्हणणाऱ्यासारखंच हे. वाढप्याने बोटांच्या फटीतून वाढायचंच असतं.

"आजवर पुष्कळांनी नकार लिहिले," कारभारी म्हणाला. "फू यानने वाचून दाखवले मला. सगळे एकाच भट्टीतले. माती, मुंगी, किडा, मी अपात्र. मला तसलं नको. लोक म्हणतात, तेंग शिओंग रांगडा आहे, त्याला काय रीतभात! माझा नकार ऐकून माणसं रडली पाहिजेत."

"किती खरा वाटायला हवा, कारभारीसाहेब?"

"इतका खरा, की खोटा आहे म्हणायची कोणाची छाती होऊ नये."

रुआनबाईने शाई उगाळायला घेतली. हात कामात असला की तिचा चेहरा कोरा राहायचा. "मग त्यात तुमचं स्वतःचं काही हवं. ऐकीव नको."

"आईचं घाला," तो लगेच म्हणाला. "माझं आईवर प्रेम आहे हे दिसू दे सगळ्यांना."

"मग आईबद्दल सांगा."

एवढा वेळ आरामात बसलेला माणूस एकदम अवघडला. फू यानकडे बघून म्हणाला, "तू जरा चहाचं बघ." फू यान गेला. मग कारभाऱ्याने खाली मान घालून, तुटक तुटक सांगितलं. बाप लढाईत गेला. आई कंबरभर चिखलात उतरून कमळकाकडी काढायची. ('पाण्यातल्या मुळ्या' म्हणाला तो, स्वतःलाही त्याने सूट दिली नव्हती.) थंडीने तिची बोटं फुटायची. एकदा शेजारणीच्या तळ्यात तिला घबाड लागलं. टोपली भरत आली, तशी ती थांबली. पोरगा म्हणाला, आई, अजून आहेत की! तर म्हणाली, तळ्याला पुढच्या वर्षी परत देता येईल एवढंच घ्यावं.

"आणि तुम्ही?"

"मी तिचा डोळा चुकवून अजून चार उपटल्या." तो हसला, आणि मग हसू तसंच तोंडावर राहून डोळे भरले. "मी सैन्यात असताना गेली. मूठमाती द्यायलाही पोचलो नाही."

रुआनबाईला त्याचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या बाजूला, तिची इच्छा नसताना, दुसरंही काही आलं, आणि तिला ते मुळीच आवडलं नाही. भावाच्या जिवावर उठलेल्या माणसाला आई असू नये असं तिला वाटलं.

"चांगलं लिहा," तो नाक पुसून म्हणाला. आवाज परत कारभाऱ्याचा झाला. "तुमच्या भावाचं काय करायचं ते मग बघू. तोही कुणाचा तरी मुलगा आहे, खरं ना?"

ही धमकी होती की लालूच, हे तिने विचारलं नाही.

*

दोन दिवसांनी तिने नकार वाचून दाखवला. कारभारी डोळे मिटून ऐकत होता.

"माझी आई चिखलात उभी राहून मुळ्या काढी. टोपली भरत आली की हात थांबवी आणि म्हणे, तळ्याला पुढच्या वर्षी परत देता येईल एवढंच घ्यावं. आज सिंहासन मला नऊ वस्तू देत आहे. त्यांतली एकही परत देण्याची माझी ऐपत नाही. जिच्या शेवटच्या दिवशी मी उशाशी नव्हतो, तिच्या समाधीची शपथ घेऊन सांगतो, मी त्या घेणार नाही. मला काही द्यायचंच असेल, तर याओथांगची माणसं दंव पडण्याआधी घरी जाऊ द्यावीत. त्यांच्या आया निवांत झोपतील, तर माझीही आई निवांत झोपेल."

कारभाऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

फू यान मात्र खाकरला. "सुरेख आहे. पण साहेब, शपथ जरा जड होते. शेवटी आपल्याला हो म्हणायचंय."

"आजवर सगळ्यांनीच शपथा घातल्यात. तूच वाचून दाखवल्यास."

"त्या आकाशाच्या आणि पृथ्वीच्या होत्या साहेब. आकाश काही बोलत नाही. इथे आईची..."

कारभाऱ्याने डोळे उघडले. "म्हणजे माझी आई आकाशापेक्षा कमी आहे?"

तीन वर्षं शहरभर त्या बाईंच्या नावाने फटके मारायचे हुकूम फू यानने स्वतःच लिहिले होते. आता कोणत्या तोंडाने काय बोलणार?

"आणि हे याओथांगचं?" त्याने दुसरीकडून वाट काढून पाहिली. "ही बाई आपल्या भावासाठी..."

"असू दे. तेवढीच दया दिसते. चौथ्या वेळी कुऱ्हाड हातात आली की या नकारातला शब्द कोण धरून बसतंय?" तो रुआनबाईकडे वळला. "बाई, बायकांत जन्माला येऊन वाया गेलात. फू यान, याच्या शंभर नकला काढ. वेशीवर लाव, घाटावर लाव, छावणीत वाच. कळू दे लोकांना तेंग शिओंग कसा आहे ते!"

रुआनबाई वाकून नमस्कार करून बाहेर पडली. फाटकाबाहेर आल्यावर ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. तिने लिहिलं होतं ते सगळं त्याने सांगितलेलंच होतं. पण सिंहासनाने नेहमीप्रमाणे आग्रह केला, तर तिने भावाच्या जिवावर उठलेल्याला दागिना घडवून दिल्यासारखं होणार होतं. आणि आग्रह करणार होत्या राणीसाहेब, ज्यांनी तीन वर्षांत कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं.

*

नकला लागल्या आणि शहराचं डोकं फिरलं. घाटावर ज्याला वाचता येत होतं तो वाचायचा, बाकीचे रडायचे. शूमावशीने तर टोपली खाली ठेवून गळा काढला. "अगं बाई, आपल्यातलीच की गं ती! चिखलातली! मी मेली त्याला तीन वर्षं शिव्या घालतेय." छावणीत शिपायांनी तो कागद एकमेकांकडून पाठ करून घेतला, त्यांच्याही आया कुठल्या ना कुठल्या चिखलात उभ्या होत्या. नकार ही रीत असते, हे खानदानी लोकांना ठाऊक होतं. घाटाला ते कोणी कधी सांगितलंच नव्हतं. घाटाने सरळ अर्थ घेतला: कारभारी कुऱ्हाड नको म्हणतोय, याओथांगची माणसं सोडा म्हणतोय. तिसऱ्या दिवशी याओथांगहून निरोप आला की लोकांनी रस्ते मोकळे केले आणि चिखलातल्या वसुलीवाल्याला अंघोळ घालून जेवायला वाढलं.

दरबाराच्या आदल्या दिवशी सकाळी रुआनबाईने तो कागद राणीसाहेबांना वाचून दाखवला. मग सिंहासनाचं उत्तर वाचलं. तेही तिनेच लिहिलेलं, ठरीव शब्दांत: तुमचा विनय थोर, पण सिंहासनाला तो मान्य नाही, वस्तू घ्याव्यात.

राणीसाहेब जपमाळेचा एकच मणी फिरवत राहिल्या.

"शूयी, ते आईचं पुन्हा वाच."

तिने वाचलं.

"हे खरं घडलंय, का तू रचलंस?"

"त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, राणीसाहेब. सांगताना रडत होते."

"मग त्याच्या मनात खरंच नाहीये का घ्यायचं?"

रुआनबाईच्या जिभेवर दहा उत्तरं आली. भावासाठी पाय धरावेत असंही वाटलं. पण राणीसाहेब भित्र्या होत्या. भित्र्या माणसाला ओढलं की तो उलट्या दिशेने पळतो. "मनातलं मला कसं कळणार? कागदावर तरी नाही लिहिलंय."

"हं," राणीसाहेब म्हणाल्या आणि डोकं दुखतंय म्हणून आडव्या झाल्या. डोकेदुखी म्हणजे टाळाटाळ, हे रुआनबाईला चांगलं माहीत होतं.

*

दरबार खच्चून भरला होता. सिंहासनावर बालराजा, त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मागे पडदा, पडद्याआड राणीसाहेब. पडद्याच्या कडेला रुआनबाई, हातात दोन कागद: वर नकार, खाली आग्रह. समोर एका चौरंगावर लाल कापडाखाली कुऱ्हाड आणूनच ठेवली होती, कारण फू यान फार व्यवस्थित माणूस होता.

तिने नकार वाचला. घाटावर रडले त्यांचं नवल नव्हतं. इथे पांढऱ्या दाढ्यांचे मंत्री बाह्यांनी डोळे पुसू लागले. आईचा उल्लेख आला तसा तेंग शिओंगही रडू लागला. रीतीने रडायलाच हवं होतं. पण तो रीतीपुरता रडत नव्हता, हे तिला जवळून दिसत होतं. तो जमिनीवर ओणवा झाला होता आणि त्याचे ते रुंद खांदे गदगदत होते.

वाचून संपलं. रुआनबाईने वरचा कागद खाली केला. दुसरा वर आला. तिने श्वास घेतला. आता पडद्याआडून 'वाच' एवढा एक शब्द यायचा होता.

आला नाही.

"शूयी," आतून आवाज आला, नेहमीसारखाच बारीक, कापरा. "तो दुसरा कागद ठेवून दे."

मंत्र्यांच्या माना पडद्याकडे वळल्या.

"कारभाऱ्यांनी आईची शपथ घातली आहे. मीही कोणाची आई आहे. आईची शपथ मोड, असा आग्रह मी दुसरीच्या मुलाला कशी करू? मला ते जमणार नाही. त्यांचा नकार मान्य आहे. त्यांनी मागितलंय ते दिलं. याओथांगची सगळी माणसं आणि त्यांचा अधिकारी दंवाआधी घरी जातील. शिक्का सापडलाय, आणा कागद. कारभाऱ्यांची सही तर या नकाराखाली आहेच."

फू यान ताडकन उठला. "राणीसाहेब! क्षमा असावी, पण रीतीप्रमाणे सिंहासनाने तीनदा आग्रह..."

"फू यान," तोच कापरा आवाज म्हणाला, "कारभारी आईची खोटी शपथ घेतात, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

फू यानने कारभाऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तेंग शिओंगने ओलं तोंड वर केलं. साऱ्या दरबाराने ज्या आईचं नाव तीन वर्षं जिभेआड ठेवलं, तिची शपथ ही नुसती बोलायची रीत होती, असं त्याला आता स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं असतं. या शहरात आईच्या सुतकात हसला म्हणून माणसाची नोकरी गेलेली होती. कुऱ्हाड ओढून घेतली असती तर? कुऱ्हाडी त्याच्याकडे शंभर होत्या. त्याला हवी होती ती दिलेली कुऱ्हाड, आणि दारावरचे पहारेकरी तर अजून डोळे पुसत होते.

त्याने कपाळ जमिनीला टेकवलं. "आज्ञा," एवढंच म्हणाला.

बालराजाने आजीला मोठ्याने विचारलं, "आजी, मग ती कुऱ्हाड आता परत न्यायची?"

"हो बाळा. ज्याची त्याला."

*

चार दिवस कारभारी आग्रहाची वाट बघत राहिला. दुसरा आणि तिसरा नकार फू यानने लिहून तयार ठेवला होता. पण कोणी विचारतच नव्हतं, तर नाही तरी कशाला म्हणायचं! मंत्री भेटले की त्याच्या विनयाची तारीफ करायचे, आणि त्या तारिफेत कोण खरं आणि कोण खोडसाळ हे त्याला कळेना. दारात बायका येऊन आईच्या नावाने कमळकाकड्या ठेवून जात. नको म्हणायची सोय नव्हती.

पाचव्या दिवशी त्याने रुआनबाईला बोलावलं. आपण परत येणार नाही असं धरून ती शेजारणीकडे किल्ली देऊन गेली.

दिवाणखान्यात तो एकटाच होता. भिंतीशी टोपल्यांची रास होती.

"तू मला बुडवलंस," तो म्हणाला. आज 'तुम्ही' नव्हतं.

"खोटा म्हणायची कोणाची छाती होऊ नये, असं तुम्हीच सांगितलंत. तुम्ही सांगितलं तसं मी लिहिलं." तिचा आवाज कापला, तिने तो कापू दिला. "आणि खरं सांगू? मला माझा भाऊ हवा होता. त्यासाठी मी याहून वाईटही लिहिलं असतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मारणार, असं तिला वाटलं.

"काल घाटावर गेलो होतो," तो शेवटी म्हणाला. "पालखीतून उतरलो. पहिल्यांदाच लोक पळाले नाहीत. एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, पोरा, तुझ्या आईची बोटं हिवाळ्यात फुटायची का रे? मी म्हटलं, हो. म्हणाली, तिळाचं तेल लावायचं असतं, तिला कोणी सांगितलं नव्हतं वाटतं." त्याने एक मुळी उचलली, हातात फिरवली. "आणि मग माल विकताना तिने हाक मारली. भोकाची मुळी. माझ्या तोंडावर. माझ्या आईने जन्मभर जे विकलं त्याला माझ्यामुळे भोकाची मुळी म्हणतात, बाई."

रुआनबाईची नजर भिंतीशी रचलेल्या टोपल्यांवर गेली.

"लिहा," तो म्हणाला. "बंदी उठवल्याचा हुकूम. आणि यात काही सुंदर घालू नका. एक ओळ पुरे."

तिने एकच ओळ लिहिली. तो काही त्या दिवसापासून संत झाला नाही. बागेतलं तळं त्याने पुरं केलंच, आणि फू यान त्याच्या कानाशी होताच. पण विनयी म्हणून त्याचा बोलबाला झाला होता, आणि तो टिकवण्यात त्याचा दिवस जाऊ लागला. पुढे राजा वयात येईपर्यंत ती कुऱ्हाड राणीसाहेबांच्या कोठारात गंजत पडली.

*

दंवाच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, तुरुंगाचं दार उघडलं. एकेचाळीस माणसं आधी बाहेर आली, झोंग सगळ्यांत शेवटी. वाळून काटकी झाला होता, दाढी छातीवर आलेली. रुआनबाईने रडायचं नाही असं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

"ताई, अगं बस झालं. लोक बघतायत."

"बघू देत. काय रे ही दशा! उवा झाल्यात का डोक्यात?"

"झाल्या असतील. मोजायला वेळच वेळ होता."

दोघं घाटाच्या रस्त्याने निघाली. झोंग हळू चालत होता, उन्हाला डोळे मिचकावत.

"तो कागद पहारेकऱ्याने आम्हाला वाचून दाखवला," तो म्हणाला. "सगळे रडले. म्हणाले, कारभाऱ्याच्या पोटात एवढी माया असेल असं वाटलं नव्हतं. मी गप्प बसलो. शेवटच्या ओळीला मला कळलं होतं, कोणी लिहिलंय ते."

"कसं?"

"मेलेल्याबद्दल लिहिताना कुणीही 'शांत झोपेल' असंच लिहील. तू 'निवांत' लिहिलंस. दोनदा."

त्यांच्या वडिलांचं नाव आन. आन म्हणजे शांत. ते जाऊन तीस वर्षं झाली होती. त्या नावासाठी कोणी कोणाला फटके मारले नव्हते, आणि तीस वर्षांत तो शब्द तिच्या हातून एकदाही कागदावर उतरला नव्हता. लिहिताना तिला ते जाणवलंही नव्हतं. आता ती रस्त्याच्या मधोमध थांबली, आणि भावाने तिचं कोपर धरून तिला बाजूला घेतलं, कारण मागून गाडा येत होता.

घाट आला. पायऱ्यांवर म्हातारी शूमावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने छाती भरून श्वास घेतला आणि अशी हाक दिली की पलीकडच्या काठावरच्या नावाड्यांनी माना वळवल्या.

"कमळकाकडी! ताजी कमळकाकडी!"

झोंग दचकला. तुरुंगाच्या झरोक्यातून इतके महिने त्याने दुसरीच आरोळी ऐकली होती. त्याने घाबरून इकडेतिकडे शिपाई आहेत का ते पाहिलं. "ताई, हे काय ओरडतेय ती?"

"तिच्या मालाचं नाव," रुआनबाई म्हणाली, आणि दोन मुळ्या घ्यायला पायऱ्या उतरू लागली.